क्रूझवरची धमाल, तान्ह्या बाळापासून आजी-आजोबांपर्यंत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रूझचं तिकीट काढलं की घरात दोन तट पडतात. एकाला वाटतं, आठवडाभर पाण्याकडे बघून जीव विटेल. दुसऱ्याने जहाजाचा नकाशा पाठ करून कोणत्या डेकवर काय आहे याची यादीही केलेली असते. खालची उत्तरं दोघांसाठी आहेत. ती मुख्यतः हजारो प्रवासी नेणारी मोठी जहाजं डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. नदीतल्या आणि लहान जहाजांवर यातलं पुष्कळसं नसतं, आणि काहींना तेच हवं असतं.

दिवसभर नुसतं पाणीच पाणी. कंटाळा येत नाही का?

येतो, पण करमणूक कमी पडली म्हणून सहसा नाही. सकाळच्या योगवर्गापासून मध्यरात्रीच्या डिस्कोपर्यंत एका वेळी पाच-सहा ठिकाणी काही ना काही चालू असतं. प्रश्नमंजूषा, नाचाचे धडे, टॉवेल दुमडून हत्ती-माकडं करायचा वर्ग, बिंगो, कराओके, दुपारचा सिनेमा, रात्रीचा रंगमंचावरचा शो. या सगळ्याची सूत्रं क्रूझ डायरेक्टरच्या हाती असतात. दिवसातून दोन-तीनदा स्पीकरवर ज्याचा जरा जास्तच उत्साही आवाज ऐकू येतो, तोच हा माणूस. दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम आदल्या संध्याकाळी केबिनमध्ये छापील कागदावर येतो किंवा जहाजाच्या अॅपवर दिसतो.

कंटाळ्याचं कारण बहुतेक वेळा उलटं असतं. सगळंच करायचं ठरवलं की माणसं तिसऱ्या दिवशी थकतात. प्रत्येक ठिकाणी सगळ्यांनी मिळूनच जायचं ठरवलं की भांडतात. सुटीच्या फार थोड्या जागा अशा असतात, जिथे घरातले सगळे आपापल्या वाटेने गेले तरी कोणी लांब जात नाही. जहाज ही तशी जागा आहे. तिथे कोण कुठे जाणार यापेक्षा पुन्हा कुठे आणि किती वाजता भेटायचं, हे ठरवणं जास्त महत्त्वाचं.

रोलर कोस्टर, बर्फावरचं स्केटिंग वगैरे जहाजावर खरंच असतं? की जाहिरातीपुरतं?

खरंच असतं. गेल्या पंचवीसेक वर्षांत कंपन्यांमध्ये जी चढाओढ लागली, तिचा हा परिणाम. १९९९ साली व्हॉयेजर ऑफ द सीज या जहाजावर समुद्रातलं पहिलं आइस स्केटिंगचं मैदान आणि पहिली चढाईची भिंत आली. २००६ मध्ये फ्रीडम ऑफ द सीजवर फ्लोरायडर आला. यात जोरदार पंप उतारावर पाण्याचा पातळ थर वर फेकत राहतात आणि तुम्ही त्यावर फळी घेऊन सर्फिंग करता. लाट जागची हलत नाही, पडणारे तुम्हीच. पडणाऱ्यांना पाहायला बाजूच्या बाकांवर चांगली गर्दी असते, तेव्हा लाज घरी ठेवून जावं.

२००९ च्या ओएसिस ऑफ द सीजवर हजारो खऱ्या झाडांची बाग, लाकडी घोड्यांचं फिरतं चक्र आणि झिपलाइन, म्हणजे ताणलेल्या तारेला लटकून घसरत जायची सोय, होती. २०११ मध्ये डिस्ने ड्रीमवर अॅक्वाडक आली. ही पारदर्शक नळीतून जहाजाच्या वरच्या भागाला वळसा घालणारी पाण्याची घसरगुंडी, आणि तिचा एक भाग चक्क जहाजाच्या कडेबाहेर, समुद्रावर आहे. २०१४ च्या क्वांटम ऑफ द सीजवर नॉर्थ स्टार नावाची काचेची कुपी आली. ती लांब यांत्रिक हाताने प्रवाशांना समुद्रसपाटीपासून सुमारे ९० मीटर उंच नेते. त्याच जहाजावर हवेच्या उभ्या बोगद्यात तरंगायची सोयही आहे. २०१७ मध्ये नॉर्वेजियन जॉयच्या वरच्या डेकवर गो-कार्टचा ट्रॅक आला, आणि २०२१ मध्ये कार्निव्हल कंपनीच्या मार्डी ग्रा या जहाजावर बोल्ट, म्हणजे समुद्रातला पहिला रोलर कोस्टर. त्याचा रूळ सुमारे २४० मीटरचा. मोटरसायकलसारख्या विजेच्या गाडीवर बसून वेग स्वतःच ठरवायचा. कमाल वेग ताशी ६४ किलोमीटरच्या आसपास जातो. २०२४ मध्ये निघालेल्या आयकन ऑफ द सीजवर पोहण्याचे सात तलाव आणि सहा घसरगुंड्या आहेत.

हे वाचून हरखून जाऊ नका. अशी प्रत्येक राइड एक-दोन मिनिटांत संपते आणि रांगेत त्याच्या कितीतरी पट वेळ जातो. एखाद्या राइडसाठी जहाज निवडायचं तर निवडा, पण आठवडा निभावतो तो इतर गोष्टींवर. आणखी एक: एकाच कंपनीच्या दोन जहाजांवर सारख्याच सोयी असतील असं धरून चालू नका. जुन्या जहाजावर यातलं काहीच नसू शकतं. बुकिंगआधी त्या विशिष्ट जहाजाचा डेकचा नकाशा बघा.

हे सगळं तिकिटात येतं का?

तलाव, घसरगुंड्या, मुख्य रंगमंचावरचे शो, डेकवरचे खेळ, व्यायामशाळा, प्रश्नमंजूषा, नाचाचे वर्ग आणि दिवसा चालणारा मुलांचा क्लब बहुतेक ठिकाणी तिकिटातच असतो. चढाईची भिंत आणि स्केटिंगही बऱ्याचदा असतं, बूट तिथेच मिळतात. स्पा, व्हिडिओ गेमची खोली, बिंगोची तिकिटं, जहाजाच्या फोटोग्राफरने काढलेले फोटो, कसिनो, बंदरावरच्या सहली यांचे पैसे वेगळे. गो-कार्ट आणि रोलर कोस्टरही साधारण याच खात्यात. खर्च केबिनच्या कार्डावर चढत जातो आणि हातातून नोट जात नसल्याने कळत नाही. मुलांच्या कार्डावर खर्चाची मर्यादा घालता येते. ती पहिल्याच दिवशी घालून घ्या, विशेषतः घरात व्हिडिओ गेमचा भक्त असेल तर.

तान्ह्या बाळाला नेता येतं का? त्याच्यासाठी काही असतं?

अनेक कंपन्यांमध्ये बाळ किमान सहा महिन्यांचं असावं लागतं. महासागर ओलांडणाऱ्या किंवा सलग बरेच दिवस बंदर नसलेल्या प्रवासासाठी ही अट एक वर्षाची होते. कारण सरळ आहे, जहाजावरच्या दवाखान्यात सगळे उपचार होऊ शकत नाहीत.

पालकांची सर्वांत मोठी निराशा तलावापाशी होते. डायपर घालणारं मूल जहाजाच्या तलावात उतरवता येत नाही, पोहण्यासाठीचा खास डायपर असला तरीही. अमेरिकेच्या बंदरांवर येणाऱ्या जहाजांसाठी हा तिथल्या आरोग्यखात्याचा नियम आहे आणि इतरत्रही तो बहुधा पाळला जातो. त्यामुळे बाळांसाठी वेगळी, पाण्याचे फवारे असलेली जागा आहे का ते आधी पाहावं. ती सगळ्या जहाजांवर नसते. काही जहाजांवर पाळणाघर असतं, त्याचे तास मोजके आणि पैसे वेगळे, म्हणून चढल्या चढल्या नाव नोंदवावं.

मुलांचा क्लब म्हणजे नक्की काय? आमचं मूल तिथे थांबेल का?

साधारण तीन ते अकरा-बारा वर्षांच्या मुलांसाठी वयानुसार गट केलेले असतात. प्रशिक्षित कर्मचारी असतात. चित्रं, विज्ञानाचे प्रयोग, खजिन्याचा शोध, चाचे होऊन केलेली मिरवणूक, छोटं नाटक असं काही ना काही चालतं. सर्वांत लहान गटासाठी मूल स्वतः शौचाला जाणारं असावं, अशी अट बहुतेक ठिकाणी आहे. आई-वडील सही करून सोडतात आणि सही करूनच नेतात. रात्री उशिरापर्यंत ठेवायचं असेल तर बहुधा तासावर पैसे पडतात.

थांबेल की नाही, हे मुलापेक्षा पहिल्या तासावर अवलंबून असतं. पहिल्या दिवशी दुपारी क्लब सगळ्या कुटुंबाला पाहण्यासाठी खुला ठेवतात. तेव्हा मुलाला घेऊन जा, तिथल्या ताई-दादांशी बोलू द्या, आणि पहिल्यांदा तासाभराकरताच सोडा. मुलांची टोळी पहिल्या दोन दिवसांत जमते. चौथ्या दिवशी पहिल्यांदा गेलेल्या मुलाला जमलेल्या खेळात घुसावं लागतं, आणि लाजाळू मुलाला ते जड जातं. नसेलच आवडत तर हट्ट करू नका. क्लब फुकट आहे म्हणून मुलाला तिथे बसवलंच पाहिजे असं नाही.

पंधरा वर्षांचा मुलगा आत्तापासूनच तोंड पाडून बसला आहे. त्याचं काय?

त्याला सोडा. हे थट्टेने सांगत नाही. या वयाच्या मुलामुलींना जमिनीवरच्या सुटीत एकट्याने फिरू देता येत नाही, इथे देता येतं. कार्डाशिवाय कोणी चढत-उतरत नाही, सगळीकडे कर्मचारी आहेत, आणि पोरगा जाऊन जाऊन जाणार कुठे? तेरा ते सतरा वयोगटाचा वेगळा क्लब असतो. तिथे सही वगैरे नसते, यायचं-जायचं स्वातंत्र्य असतं. पहिल्या रात्री ओळखीचा कार्यक्रम होतो, तेवढा एक त्याने चुकवू नये. पुढचं तो पाहून घेईल.

अटी मात्र आधीच घाला. रात्रीचं जेवण सगळ्यांसोबत, दुसऱ्याच्या केबिनमध्ये जायचं नाही, कठड्यावर चढायचं नाही. शेवटची अट चर्चेची नाही. काही जहाजांवर मध्यरात्रीनंतर अल्पवयीनांना एकट्याने फिरायला बंदी असते, त्याची वेळ माहीत करून घ्या.

आजी-आजोबांना झेपेल का? की ते नुसते केबिनमध्ये बसून राहतील?

माझ्या मते क्रूझ ही सुटी आजी-आजोबांना सर्वांत जास्त मानवते. सामान एकदा उघडायचं, रोज नवं गाव दारात येतं, दमलं की दहा मिनिटांत आपला पलंग. सकाळी प्रोमेनाड डेकवर फेऱ्या मारता येतात. बऱ्याच जहाजांवर हा डेक चारी बाजूंनी फिरतो, आणि किती फेऱ्यांचा एक किलोमीटर किंवा मैल होतो ते भिंतीवर लिहिलेलं असतं. शफलबोर्ड हा जहाजावरचा जुना खेळ. लांब काठीने चकती ढकलून आकड्यांच्या चौकटीत बसवायची. ताकद लागत नाही, अंदाज लागतो, त्यामुळे आजोबा नातवाला बेलाशक हरवू शकतात.

याखेरीज बॉलरूम नाच, पत्ते आणि ब्रिज, चित्रकला, विणकाम, इतिहासावरची व्याख्यानं असतात. काही ठिकाणी भटारखान्याची सहलही घडवतात. क्वीन मेरी २ या २००४ पासून चालणाऱ्या जहाजावर तारांगण आणि मोठं ग्रंथालय आहे. तिथे आजी दिवसभर रमली तर आश्चर्य नाही.

चाकांची खुर्ची लागत असेल तर दोन गोष्टी आधी बघाव्यात. रुंद दारांच्या केबिन मोजक्याच असतात आणि त्या लवकर संपतात. आणि काही बंदरांवर जहाज धक्क्याला लागत नाही, ते समुद्रात नांगर टाकतं आणि छोट्या बोटीने किनाऱ्यावर जावं लागतं. लाट असेल तर त्या बोटीत खुर्चीसह उतरू देत नाहीत. मार्गातली कोणती बंदरं अशी आहेत, ते कंपनी सांगते.

आमच्यासोबत मुलं नाहीत. धिंगाण्यापासून लांब राहता येईल का?

येईल. बहुतेक मोठ्या जहाजांवर फक्त प्रौढांसाठी राखलेला डेक किंवा तलाव असतो. त्याहून ठाम उपाय हवा असेल तर व्हर्जिन व्हॉयेजेस आणि वायकिंग या कंपन्यांची समुद्री जहाजं अठराच्या आतल्यांना घेतच नाहीत. वायकिंगवर कसिनोही नाही. शाळा चालू असतानाच्या तारखा निवडल्या तरी बराच फरक पडतो.

एकट्याने जाणाऱ्याचं काय?

२०१० च्या नॉर्वेजियन एपिकवर एकट्या प्रवाशासाठी छोट्या केबिन आणि त्यांच्यापुरती बसायची सामायिक जागा आली. त्यानंतर इतर कंपन्यांनीही ते उचललं. कार्यक्रमपत्रिकेत एकट्याने आलेल्यांची भेट असं काही दिसलं तर पहिल्या दिवशीच जा. नाही तर प्रश्नमंजूषा. चार जणांचा संघ लागतो आणि कोणाला तरी नेहमी चौथा गडी हवा असतो.

तीन पिढ्यांनी मिळून करण्यासारखं काय?

दिवसात एकच गोष्ट, पण ती चुकवायची नाही. बहुतेक घरांना रात्रीचं जेवण सोयीचं पडतं. दिवसभर वेगवेगळ्या डेकवर काय काय घडलं ते टेबलावर सांगायला प्रत्येकाकडे काहीतरी असतं. एकत्र फिरणाऱ्यांना हे सुख नाही, सगळ्यांनी तेच पाहिलेलं असतं.

त्याखेरीज संगीताची प्रश्नमंजूषा तीन पिढ्यांच्या संघाला छान जमते. जुनी गाणी आजी ओळखते, नवी नात. मिनी गोल्फही चालतं. कौटुंबिक कराओके असेल तर आधी जाऊन ऐकून या, मग ठरवा. लहान मुलांसाठी एक बिनखर्चाचा खेळ जहाजभर चालू असतो: काही प्रवासी छोटी रबरी बदकं कोनाकोपऱ्यात लपवून ठेवतात, सापडलं की ठेवून घ्यायचं किंवा पुन्हा दुसरीकडे लपवायचं. घरूनच डझनभर बदकं घेऊन जा. मुलं शोधण्यापेक्षा लपवण्यात जास्त रंगतात.

प्रवास विषुववृत्त ओलांडणारा असेल तर ‘रेषा ओलांडण्याचा’ सोहळा होतो. समुद्रदेव नेपच्यून दाढी आणि त्रिशूळ घेऊन अवतरतो, पहिल्यांदा येणाऱ्यांना थंड पाणी किंवा काहीतरी चिकट अंगावर घेऊन दीक्षा घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र मिळतं. खलाशांची ही फार जुनी परंपरा आहे. आजोबांना पुढे करा.

आधी आरक्षण काय काय करावं लागतं?

मोठे शो, गो-कार्ट, सर्फिंगचे खास वर्ग, लोकप्रिय सहली. अॅपवर हे प्रवासाच्या काही आठवडे आधी खुलं होतं. माणशी दोन-तीन गोष्टी राखून ठेवा आणि बाकीचा वेळ मोकळा सोडा. शो भरला म्हणून हिरमुसू नका. सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी दाराशी उभं राहिल्यास रिकाम्या खुर्च्या बहुतेक वेळा मिळतात.

घसरगुंड्यांना आरक्षण नसतं, तिथे वेळ साधावी लागते. चढल्याच्या दिवशी दुपारी, बंदराच्या दिवशी, किंवा लोक जेवायला गेलेले असताना रांग नसते. म्हणून पोहण्याचे कपडे मोठ्या बॅगेत टाकू नका. ती बॅग केबिनमध्ये पोहोचायला संध्याकाळ होते, आणि तोवर मुलं रिकाम्या तलावाकडे बघत बसतात.

बोट लागते. मग सगळी मजा पाण्यात?

मोठ्या जहाजाच्या दोन्ही बाजूंना पाण्याखाली पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात. ते डाव्या-उजव्या हेलकाव्याला बरंच आवरतात. पुढचं टोक वर-खाली होतं ती डोल मात्र त्यांच्याने फारशी थांबत नाही. म्हणून केबिन शक्यतो जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या डेकवर घ्यावी, तिथे हालचाल सर्वांत कमी जाणवते. बऱ्याच जहाजांवर नाट्यगृह पुढच्या टोकाला असतं. लाटांच्या रात्री शो पाहायचा तर मागच्या रांगेत, बाहेर पडायच्या वाटेजवळ बसा.

त्रास वाटू लागला की फोन आणि पुस्तक बाजूला ठेवा, उघड्या डेकवर जा आणि क्षितिजाकडे बघा. कान सांगतात शरीर हलतंय, डोळे सांगतात केबिनची भिंत स्थिर आहे, या विसंगतीतून मळमळ होते. क्षितिज पाहिलं की दोघांचं जुळतं. औषध घ्यायचं तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारून. लहान मुलं, गरोदर स्त्रिया आणि आधीपासून गोळ्या चालू असलेल्यांनी तर नक्कीच.

हवा बिघडली तर?

वरच्या डेकचा निम्मा कार्यक्रम बंद. आणि त्यासाठी वादळ लागत नाही. जहाज ताशी २० सागरी मैलांनी चाललं की हवा पूर्ण शांत असली तरी डेकवर ताशी ३७ किलोमीटरचा वारा लागतो. त्यात समोरून खरा वारा आला की दोन्हींची बेरीज होते. म्हणून झिपलाइन, चढाईची भिंत, उंच घसरगुंड्या आणि नॉर्थ स्टारसारख्या गोष्टी लख्ख उन्हातही बंद झालेल्या दिसतात. तलावाचं पाणी डुचमळू लागलं की त्यावर जाळी टाकतात किंवा तलाव रिकामाच करतात. हवा चांगली असतानाच उघड्यावरचं उरकून घ्या. ‘शेवटच्या दिवशी करू’ म्हणून ठेवलेली राइड हमखास बंद असते.

बंदरावर उतरायलाच हवं का?

नाही. गर्दी किनाऱ्यावर गेली की जहाज तुमचं. घसरगुंडीवर लागोपाठ दहा वेळा जाता येतं. फक्त दुकानं आणि कसिनो बंदरात बहुधा बंद असतात, कारण तिथे त्या देशाचे कर आणि कायदे लागू होतात.

उतरलात तर घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा. फोन आपोआप किनाऱ्याची वेळ दाखवू लागतो आणि कधी कधी दोन्हींत तासाचा फरक असतो. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं किंवा पुढे पोहोचवायची सोय करतं. स्वतःचे स्वतः फिरायला गेलेल्यांसाठी थांबत नाही.

लहान मुलांसाठी कंपन्यांची खासगी बेटं सोपी पडतात. ही पद्धत जुनी आहे. नॉर्वेजियन क्रूझ लाइन या कंपनीने बहामातलं ग्रेट स्टिरप के हे बेट १९७७ मध्येच घेतलं. आता त्याच भागातल्या कोकोके बेटावर रॉयल कॅरिबियन या कंपनीने सुमारे ४१ मीटर उंच घसरगुंडी उभारली आहे. पण तिथे नुसती वाळू, बादली आणि फावडं यांतही लहानग्यांचा दिवस जातो.

पोहता येत नाही. तलाव मुलांसाठी सुरक्षित आहेत ना?

सगळ्या जहाजांवर जीवरक्षक नसतात. काही कंपन्यांनी ठेवले आहेत, अनेक ठिकाणी ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ अशी पाटी असते. गर्दीच्या तलावात मूल बुडताना आवाज होत नाही. त्यामुळे एका वेळी एका मोठ्या माणसाने फक्त मुलाकडे बघायचं, बाकी काही नाही, आणि पाळी आळीपाळीने बदलायची. पोहण्याची जाकिटं बऱ्याच जहाजांवर मिळतात, तरी मापाचं स्वतःचं नेलेलं बरं. घसरगुंड्यांना आणि सर्फिंगला उंचीची अट असते आणि ती काटेकोर पाळतात. रांगेत अर्धा तास उभं राहून परत फिरण्यापेक्षा अट आधी वाचून मुलाला सांगून ठेवा.

काहीच ‘अॅक्टिव्हिटी’ करायची नसेल तर?

मग तुम्ही जहाजावर यायचं खरं कारण ओळखलंत. समुद्र बघा. बहुतेक प्रवासी वरच्या डेकवर तलावाभोवती असतात, तर खालच्या उघड्या डेकवर शांतता असते आणि पाणी जवळ. उष्ण समुद्रात उडते मासे जहाजाच्या कडेने सटासट निघतात, डॉल्फिन कधी कधी पुढच्या लाटेवर खेळायला येतात. दुर्बीण जवळ ठेवा. आकाश स्वच्छ आणि क्षितिज मोकळं असेल तर सूर्य बुडताना अगदी शेवटच्या क्षणी हिरवा झळाळ दिसू शकतो. तो क्वचितच दिसतो, पण खरा आहे. वातावरणात प्रकाशाचे रंग वेगवेगळे वाकल्याने तो होतो. सूर्य पूर्ण बुडत येईपर्यंत टक लावून बघू नका, डोळ्यांना इजा होते.

मार्गच देखणा असेल तर त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका. अलास्कातल्या ग्लेशियर बे मध्ये राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर जहाजावर चढतात आणि हिमनद्या, देवमासे, पक्षी यांची माहिती सांगतात. हिमनदीचा कडा कोसळला की आधी दिसतो आणि गडगडाट मागून येतो. १९१४ मध्ये खुल्या झालेल्या पनामा कालव्यात दरवाजे लावलेल्या हौदांत पाणी भरून जहाजाला २६ मीटर वर उचलतात आणि पलीकडे पुन्हा खाली सोडतात. सगळा प्रवास आठ-दहा तासांचा. पहाटे पुढच्या डेकवर जागा धरावी लागते. एरवी दहाला उठणारी पोरंही त्या दिवशी उठतात, कारण जहाज आणि भिंत यांत हातभर जागा उरते आणि हे जाणार कसं, ते पाहायचं असतं.

पहिल्या दिवशीचा सुरक्षेचा सराव टाळता येतो का?

नाही, आणि टाळू नये. २०१२ मध्ये कोस्टा कॉन्कॉर्डिया हे क्रूझ जहाज खडकावर आदळलं, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव झालेला नव्हता. तोवरच्या नियमात सरावासाठी चढल्यापासून २४ तासांची मुभा होती. १ जानेवारी २०१५ पासून सराव निघण्याआधी किंवा निघताक्षणी घेणं बंधनकारक झालं. आता बऱ्याच ठिकाणी फोनवर चित्रफीत बघून नेमून दिलेल्या जागी हजेरी लावली की काम होतं. मुलांना सात छोटे आणि एक लांब भोंगा हा इशारा ओळखायला शिकवा, आणि केबिनपासून त्या जागेपर्यंत वाट दाखवायला त्यांनाच पुढे पाठवा.

इंटरनेटशिवाय एकमेकांना शोधायचं कसं?

बहुतेक कंपन्यांचं अॅप जहाजाच्या वायफायवर पॅकेज न घेताही चालतं. काहींवर घरच्यांना निरोप पाठवता येतात, कधी थोडे पैसे पडतात. फोन विमान मोडवर ठेवून फक्त वायफाय चालू करा, नाही तर समुद्रातल्या मोबाइल नेटवर्कचं बिल येतं. साधा उपायही आहे: केबिनच्या भिंती बहुधा पोलादी असतात, त्यावर चुंबक चिकटतात. दारामागे चुंबकाने एक कागद लावा आणि बाहेर जाणाऱ्याने कुठे चाललो ते त्यावर लिहायचं. आजींना हाच उपाय आवडतो.

बॅगेत काय विसरू नये?

चढाईच्या भिंतीसाठी मोजे. स्केटिंगसाठी मोजे आणि लांब पँट. वाऱ्यासाठी पातळ जाकीट, अगदी उष्ण समुद्रातसुद्धा, कारण रात्रीचा डेक आणि वातानुकूलित नाट्यगृह दोन्ही गारठवतात. पोहण्याचे दोन जोड, एक वाळेपर्यंत दुसरा. पत्त्यांचा जोड. एखाद्या रात्री औपचारिक पोशाख असतो, त्याची इच्छा नसेल तर बुफेकडे जाता येतं. इस्त्री मात्र नेऊ नका. आगीच्या भीतीने ती काढून घेतात.

शेवटच्या दिवशी काही करता येतं का?

फार नाही. आदल्या रात्री मोठ्या बॅगा चिठ्ठी लावून केबिनबाहेर ठेवायच्या असतात आणि सकाळी लवकर उतरावं लागतं. तलाव आणि क्लब तोवर बहुधा बंद झालेले असतात. त्यामुळे मुलांचे निरोप, फोन नंबरांची देवाणघेवाण आणि राहिलेली एक शेवटची घसरगुंडी आदल्या दुपारीच उरकून घ्या. आणि बॅग बाहेर ठेवण्याआधी सकाळचे कपडे आणि बूट बाजूला काढलेत का ते बघा. दर वेळी कोणी ना कोणी रात्रीच्या पायजम्यात उतरताना दिसतंच.